अनुरूप स्थळ नाही, धीर धरावा

मंडळाच्या वार्षिक सभेत माझा उजवा हात वर गेला, असं इतिवृत्तात लिहिलेलं आहे. तो हात माझ्या पत्नीने, अस्मिताने, कोपराखालून ढकलून वर केला होता, हे मात्र इतिवृत्तात नाही. इतिवृत्त लिहिणारे पुढच्या रांगेत बसतात, त्यामुळे मागच्या रांगेतले गुन्हे त्यांच्या नजरेतून सुटतात.

प्रश्न आमच्या वधूवर सूचक केंद्राच्या कॉम्प्युटरचा होता. आमचं मंडळ बडोद्यात मांडवीजवळ, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आहे. तिथल्या मागच्या खोलीत केंद्र आणि केंद्रात तो कॉम्प्युटर. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, माऊस नाही. त्यातला स्थळं जुळवणारा प्रोग्रॅम आमच्या मानसिंगरावांनी स्वतः लिहिला होता, आणि त्याला आता इतकी वर्षं झाली होती की तो ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र दुरुस्त करणारी माणसंही निवृत्त झाली होती. मानसिंगराव स्वतः तर हे जगच सोडून गेले होते.

अध्यक्ष गोविंदराव उभे राहिले. त्यांचे पणजोबा संस्थानात दफ्तरदार होते, त्यामुळे गोविंदराव अजून ठरावाच्या भाषेत बोलतात. घरी दुसरी पोळी हवी असली तरी "पोळी वाढण्याबाबत विचार व्हावा" असं म्हणतात, अशी आमच्यात बोलवा आहे.

"केंद्राला नवीन कॉम्प्युटर देणगीदाखल मिळाला आहे," ते म्हणाले. "सबब जुना येत्या संक्रांतीस भंगारात काढण्यात येईल. तत्पूर्वी त्यातील सर्व स्थळांची प्रत, म्हणजे बॅकअप, निघाल्यास केंद्र चालू राहील. न निघाल्यास केंद्र बंद करून खोली योगवर्गास देण्यात येईल. ही जबाबदारी कोण घेतो?"

केंद्र सांभाळणाऱ्या स्नेहलताबाई पहिल्या रांगेत होत्या. निवृत्त शिक्षिका. नवरा गेल्यापासून त्यांचा दिवस या खोलीत उगवतो आणि इथेच मावळतो. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. आणि त्याच क्षणी माझा हात वर गेला.

अस्मिताला स्नेहलताबाईंची दया आली असेल, नाही असं नाही. पण खरं कारण सलील. सलील हा तिचा धाकटा भाऊ. रिफायनरीत नोकरीला लागला तेव्हा "घर मिळेपर्यंत" म्हणून आमच्या गोत्री भागातल्या फ्लॅटमध्ये आला आणि अजून घर मिळतंय. माणूस गुणी, हसतमुख, आणि सकाळी बाथरूममध्ये अख्खी मैफल करणारा. मी बाहेर टॉवेल घेऊन उभा असतो, आतून आलाप चालू असतो. त्याच्या पत्रिकेत मंगळ. केंद्रात त्याचं नाव कधीचंच घातलेलं, पण दर गुरुवारी स्नेहलताबाई त्याचा नंबर दाबायच्या आणि मशीन त्याच हिरव्या अक्षरांत सांगायचं: "अनुरूप स्थळ नाही. धीर धरावा."

मानसिंगरावांनी मशीनलाही जुनं दरबारी वळण लावलं होतं. त्यांच्या प्रोग्रॅमने कधी कुणाला नुसतं "चूक" म्हटलं नाही.

"ती नावं गेली तर माझ्या भावाचं काय?" घरी येताना अस्मिताने विचारलं. "जन्मभर आपल्याकडेच राहील तो." हे दुसरं वाक्य ऐकल्यावर मी स्कूटरवर ताठ बसलो. आता हा बॅकअप माझा झाला होता.

शिवाय मला थोडा अनुभवही होता. गेल्याच दिवाळीत मी अस्मिताच्या फोनमधले सगळे फोटो माझ्या फोनमध्ये उतरवून घेतले होते. त्यात एक लग्न दोनदा आलं आणि एक बारसं आलंच नाही, पण तत्त्व तेच.

दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन केंद्रात गेलो. मशीन आधीच सुरू होतं, उदबत्ती लावलेली होती. स्नेहलताबाईंचा नियमच होता की मशीन त्याच सुरू करणार. "दुसऱ्याचा हात लागला की ते अडतं," असं त्या म्हणायच्या, आणि त्या शिक्षिका असल्यामुळे आम्ही कुणी त्यांना का म्हणून विचारलं नव्हतं. मी 'प्रत काढणे' हा पर्याय निवडला. मशीन बराच वेळ कुरकुरलं आणि मग अक्षरं उमटली:

"आपल्या दप्तरी असलेली प्रत या प्रतीहून ताजी आहे. सबब विनंती नामंजूर. तसदी माफ."

"असंच करतं ते," स्नेहलताबाई म्हणाल्या. "काही वर्षं झाली. मी पण नाद सोडला."

"कुठली प्रत ताजी आहे?"

"शेवटची मानसिंगरावांनी काढली होती. जायच्या आधी. ती आता कुठे आहे देव जाणे."

मी विचार केला. ताजी, ताजी. मशीन जुनं, माझा पेन ड्राइव्ह नवाकोरा. जुन्या माणसांना नव्या वस्तूंचा राग येतो, हे मला माझ्या वडिलांवरून माहीत होतं. मशीनला जुना पेन ड्राइव्ह हवा होता. हे निदान मी इतक्या आत्मविश्वासाने केलं की स्नेहलताबाईंनी मला चहा दिला.

जुना पेन ड्राइव्ह मिळवण्यासाठी मंडळाची परवानगी लागली, कारण गोविंदरावांच्या मते वापरलेली वस्तू मंडळाच्या यंत्रात घालणं हा धोरणात्मक निर्णय होता. त्यासाठी कार्यकारिणी बसली. पेन ड्राइव्ह हा 'उपकरणे' या सदरात धरावा की 'लेखनसाहित्य' या सदरात, यावर चर्चा झाली. शेवटी "लक्ष्मणरावांनी स्वतःच्या जबाबदारीवर घालावा, यंत्रास इजा झाल्यास मंडळ दुखवटा व्यक्त करेल" असा ठराव झाला. कुणाला इजा झाल्यास काय, हे विचारायची मी हिंमत केली नाही.

जुना पेन ड्राइव्ह आमच्या शेजारच्या धवलभाईंनी दिला. धवलभाईंकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो आणि तो ते न विचारता देतात.

"अरे लक्ष्मणभाई, एमां शुं छे!" ते म्हणाले. "मशीन गरम होऊन जातो ने, म्हणून ना पाडे छे. पंखा मूको. आणि लिंबू-मिरची बांधो. माझ्या भाईच्या ऑफिसमां बांध्यु, बीजे दिवसे चालू!"

पंखा लावला. फरक पडला नाही, फक्त उदबत्तीची राख माझ्या चष्म्यावर आली. लिंबू-मिरची स्नेहलताबाईंनी बांधू दिली नाही, पण धवलभाई स्वतः येऊन कीबोर्डखाली लपवून गेले आणि त्यांचा पेन ड्राइव्ह मीच खुपसला. त्यात त्यांच्या मुलाच्या लग्नातला गरबा होता, तो पुसू नये अशी अट होती. मशीनने तोही नामंजूर केला. मग जुनी फ्लॉपी आणली. मांडवीतल्या एका दुकानदाराने ती शोकेसमधून, तांब्याच्या घंटेच्या शेजारून काढून दिली आणि मला "जुन्या वस्तूंचा शोख छे?" असं कौतुकाने विचारलं. फ्लॉपी आत गेली, मशीन घरघरलं, आणि या वेळी लिहिलं:

"विनंती नामंजूर. वारंवार तसदी देऊ नये."

मला मनापासून वाईट वाटलं. आयुष्यात मला बऱ्याच ऑफिसांनी परत पाठवलंय, पण 'वारंवार' असं कुणी म्हटलं नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून मशीनच उचलून दुरुस्तीच्या दुकानात न्यायचं ठरलं. स्नेहलताबाईंचा विरोध होता. "न्या, पण सुरू मी करणार," त्या म्हणाल्या आणि रिक्षाने पुढे गेल्या. माझ्या स्कूटरवर मागे सलील बसला, मांडीवर मशीन घेऊन. उत्तरायण, म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत, जवळ आलं होतं, आकाश पतंगांनी भरलं होतं, आणि स्कूटरच्या पुढे मी मांज्यापासून वाचायला तारेची कमान लावली होती. सगळी काळजी घेतली होती. एकच गोष्ट विसरलो होतो: सलीलचं लहानपण बडोद्याच्या गच्च्यांवर गेलंय.

मांडवीच्या दरवाज्याला वळसा घालताना एक कापलेला पतंग आमच्या डोक्यावरून गेला. लालभडक, लांब दोऱ्यासकट. मला मागे फक्त "भावोजी, एक मिनिट!" असं ऐकू आलं. आरशात पाहिलं तर सलीलचे दोन्ही हात आकाशात होते.

मशीन पडलं ते सुरती पापडीच्या हातगाडीवर. उंधियूच्या भाजीचे दिवस असल्यामुळे पापडीचा डोंगर होता, म्हणून ते वाचलं. गाडीवाल्या मावशींनी आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि "आ टीव्ही तमारो छे?" असं विचारलं. गर्दी जमली. कुणी म्हणालं पाणी पाजा, कुणी म्हणालं पोलिसांना बोलवा. एका गृहस्थांनी मशीनच्या जाळीतून पापडीचा एक दाणा काढून माझ्या हातावर ठेवला. सलील दोऱ्यात गुंडाळलेला, पण पतंग हातात घेऊन आला आणि म्हणाला, "भावोजी, जरापण फाटला नाहीये!"

आम्ही मशीन उचलून सरळ परत मंडळात आणलं. स्नेहलताबाई दुकानावरून तशाच परतल्या आणि मशीनवरून हात फिरवत राहिल्या. आम्ही सगळे बाहेर थांबलो, त्यांनी एकट्यांनी ते सुरू केलं. चालू झालं. मी सलीलला माफ केलं, पण हे त्याला सांगितलं नाही.

संक्रांत उजाडली. गोविंदरावांनी भंगारवाल्याला संध्याकाळची वेळ दिली होती. मी सकाळपासून ओळखीच्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याला फोन करत होतो. पण उत्तरायणाला बडोद्यात जमिनीवर कुणी नसतं. सगळं शहर गच्चीवर. फोन उचलला जायचा, पलीकडून गाणी, शिट्ट्या आणि "काप्यो छे!" अशी आरोळी, आणि मग फोन बंद. एकाने माझं सगळं ऐकून घेतलं, "हो, हो" म्हणाला, आणि शेवटी, "काका, ढील द्या, ढील!" असं ओरडला. ते मला उद्देशून होतं की त्याच्या गच्चीवरच्या कुणा काकांना, हे कळलं नाही.

दुपारी मी केंद्रात गेलो तर स्नेहलताबाई टेबलाशी बसल्या होत्या. नवी साडी नेसल्या होत्या. "निरोप द्यायचा तर नीट द्यावा," म्हणाल्या. इतके दिवस मी माझ्या बाथरूमसाठी लढत होतो, हे मला त्या क्षणी फार लाजिरवाणं वाटलं.

"तुमचे कुणी विद्यार्थी नाहीत का यातले?" मी विचारलं.

"आहे एक. यशश्री. वासण्याला राहते, तेच काम करते. पण आज सणाचं कशी येईल ती?"

"बाई बोलावताहेत म्हटल्यावर येईल," मी म्हणालो आणि फोन लावला.

यशश्री आली. नाकावर उन्हाची पांढरी क्रीम, डोक्यावर टोपी, दहाही बोटांना चिकटपट्ट्या. तिच्या मागोमाग अस्मिता तिळगुळाचा डबा घेऊन आणि सलील, बहिणीला सोडायला म्हणून, आला. त्याच्याही बोटांना चिकटपट्ट्या. दोघांनी एकमेकांच्या बोटांकडे पाहिलं.

"मांजा कुठला?" सलीलने विचारलं.

"घरी घासलेला," यशश्री म्हणाली.

सलीलच्या चेहऱ्यावर आदर पसरला.

यशश्रीने माझ्याकडून सगळी हकीकत ऐकली. जुन्या पेन ड्राइव्हच्या निदानापाशी ती थोडी खोकली, पण संस्कारी मुलगी, हसली नाही. "आधी बंद करून सुरू करूया," ती म्हणाली.

"सुरू मी करते. तुम्ही सगळे बाहेर," स्नेहलताबाई झटकन म्हणाल्या.

"बाई, मला तर ते सुरू होतानाच बघायचंय."

स्नेहलताबाई थांबल्या. मग त्यांनी बटण दाबलं. मशीन जागं झालं आणि विचारलं: "आजची तारीख सांगण्याची कृपा व्हावी." बाईंनी हळूहळू टाइप केलं. चौदा. जानेवारी. आणि मग साल: दोन हजार चौदा.

खालून भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पातेलं आपटलं.

"बाई," यशश्री म्हणाली, "हे साल..."

"माहितीये मला," स्नेहलताबाई म्हणाल्या. शाळेत मुलांना दम देत त्या आवाजात नव्हे, अगदी हळू. "ह्याची बॅटरी गेली तेव्हापासून हे रोज तारीख विचारतं. आणि तारखेवरून सगळ्यांची वयं काढतं. एका मुलीची आई आली होती. मशीनने मुलीचं वय तीस छापलं. ती इथे, या खुर्चीत, रडली. माझ्याने बघवेना. दुसऱ्या दिवशी मी जुनं साल घातलं. वय परत खाली आलं. ती बाई हसत घरी गेली. मग मी रोज तेच साल घालत गेले. कुणाचं काही बिघडत होतं का?"

अस्मिताने पुढे होऊन त्यांचा हात धरला. इतकी वर्षं आमच्या समाजातली अर्धी तरुण मंडळी केवळ स्नेहलताबाईंच्या मायेमुळे तरुण राहिली होती.

"नाही बिघडत," यशश्री हसत म्हणाली. "फक्त मशीन गोंधळलंय. शेवटची प्रत मानसिंगकाकांनी खऱ्या सालात काढली, त्यानंतर तुम्ही साल मागे नेलं. म्हणजे मशीनच्या दृष्टीने ती प्रत पुढच्या काळातली आहे. ते म्हणतंय, पुढची प्रत दप्तरात असताना आजची कशाला काढता?"

तिने मशीन परत सुरू केलं आणि बाईंना म्हणाली, "खरं साल तुम्हीच घाला." बाईंनी डोळे मिटून घातलं. मी धवलभाईंचा गरबावाला पेन ड्राइव्ह लावला, कारण तोच खिशात होता. मशीन कुरकुरलं. बाहेर गच्च्यांवरून "काप्यो!" चा गजर होत होता.

"प्रत सुखरूप निघाली. अभिनंदन असावे."

मी ओरडलो. खरंच ओरडलो. अस्मिताने मला सर्वांदेखत मिठी मारली, जी आमच्यात लग्नाच्या अल्बमनंतर प्रथमच नोंदली गेली असेल.

पण मशीन थांबलं नाही. कोपऱ्यातला जुना प्रिंटर अचानक खरखर करत सुरू झाला आणि कागद ओकू लागला. लांबच लांब, घडीचा कागद, टेबलावरून जमिनीवर.

"अगंबाई, मंगळ!" स्नेहलताबाई म्हणाल्या. "मानसिंगरावांनी त्यात लिहून ठेवलं होतं. अठ्ठावीस पूर्ण झाली की मंगळ बघायचा नाही. त्यांच्या मते तेवढ्या वर्षांत तोही थकतो. आणि मी यांना अठ्ठावीस होऊच दिलं नाही!"

म्हणजे बाईंनी मायेने सगळ्यांना तरुण ठेवलं, आणि त्याचबरोबर सगळ्यांचा मंगळही ताजा ठेवला. आता इतक्या वर्षांची अडलेली स्थळं एकदम सुटली होती. मी जमिनीवर बसून कागद गोळा करत होतो आणि अस्मिता माझ्या खांद्यावरून सलीलचा नंबर शोधत होती. सापडला. वय छत्तीस. अनुरूप स्थळे: बरीच. त्यातलं दुसरं नाव तिने मोठ्याने वाचलं आणि मग वळून यशश्रीकडे पाहिलं.

"यशश्री, तुझं नाव घातलं होतं का गं केंद्रात?" बाईंनी विचारलं.

"आईने," यशश्री म्हणाली. टोपी तिने डोळ्यांपर्यंत ओढून घेतली होती. "मी विसरूनही गेले होते."

सलील, ज्याने मांडवीत मशीन सोडून पतंग धरला, तो सलील पहिल्यांदाच काय करावं हे न कळून उभा होता. मग म्हणाला, "गच्चीवर यायचं का? इथे मंडळाची आहे. वारा चांगला आहे." ती म्हणाली, "फिरकी कोण धरणार?" तो म्हणाला, "मी." ज्यांना उत्तरायण माहीत आहे त्यांना हे किती मोठं आहे ते कळेल. फिरकी धरणाऱ्याला पतंग उडवता येत नाही, आणि सलीलने आजवर कुणाची फिरकी धरली नव्हती.

संध्याकाळी भंगारवाला आला तेव्हा गोविंदरावांनी कागदांचा ढीग खालपासून वरपर्यंत पाहिला. मग त्यांनी जागेवरच ठराव मांडला: केंद्र चालू राहावे. जुने यंत्र काही काळ सेवेत ठेवावे. स्नेहलताबाईंचे काळ थांबवल्याबद्दल व कु. यशश्री यांचे तो पुन्हा सुरू केल्याबद्दल आभार. माझं नाव शेवटी होतं: "पेन ड्राइव्ह उपलब्ध करून दिल्याबद्दल." तोही धवलभाईंचा होता. धवलभाईंनी मात्र श्रेय आजवर लिंबू-मिरचीलाच दिलं आहे.

लग्न वैशाखात झालं. सलील आता वासण्याला राहतो. सकाळी बाथरूम रिकामं असतं, मी हवा तेव्हा आत जातो, आणि आत गेल्यावर मला थोडं चुकल्यासारखं होतं. एकदा मी स्वतःच आलाप घेऊन पाहिला. अस्मिताने बाहेरून दार वाजवलं.

लग्नानंतरच्या गुरुवारी नवं जोडपं पेढे घेऊन केंद्रात आलं. मीही गेलो होतो. स्नेहलताबाईंनी जुनं मशीन सुरू केलं. त्याने नेहमीसारखी तारीख विचारली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, जरा हसल्या आणि खरी तारीख घातली. मग सलीलचा नंबर काढून 'विवाह झाला'ची कळ दाबली. ही कळ त्यांनी कित्येक वर्षांत दाबली नव्हती. तिथे मानसिंगरावांनी काय लिहून ठेवलंय हे आमच्यापैकी कुणाला आठवत नव्हतं.

मशीन थोडा वेळ कुरकुरलं. मग हिरवी अक्षरं आली:

"नोंद कमी केली. फार आनंद झाला."